सुवर्णमहोत्सव आणि नवनिर्मिती : बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या १९३०-३१ च्या हंगामाची चिकित्सा

संस्थांचे महोत्सव हा सामान्यतः कलासमीक्षेचा विषय मानला जात नाही. रौप्य, सुवर्ण वा शताब्दी महोत्सव आला की गौरवग्रंथ निघतो, स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा होतात, संस्थापकाच्या तैलचित्राचे अनावरण होते, मान्यवरांची भाषणे होतात आणि वर्ष सरते. या निमित्ताने जे लिहिले जाते, रचले जाते वा गायिले जाते त्याला आपण ‘प्रासंगिक’ म्हणतो. मराठी समीक्षेत हा शब्द बहुतेक वेळा दोषवाचक म्हणूनच योजला गेला आहे. प्रसंग संपला की रचनाही संपते, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी एका परकीय परंतु अत्यंत बोलक्या उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. अमेरिकेतील बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाने १९३०-३१ मध्ये आपला पन्नासावा हंगाम साजरा केला. त्या निमित्ताने त्याचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांनी युरोप-अमेरिकेतील हयात संगीतकारांकडून नव्या रचना मागविल्या. त्यांतील किमान दोन रचना विसाव्या शतकाच्या संगीतात मानाचे स्थान मिळवून आहेत. एका संस्थेच्या वाढदिवसाच्या निमित्ताने असे घडणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ते कसे घडले आणि त्यात कोणत्या उणिवा राहिल्या, हा येथे विचाराचा विषय आहे.

आरंभी एक तात्त्विक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या रागसंगीतात मैफल म्हणजेच निर्मिती असते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात एखाद्या गायकाने शंभर वेळा गायिलेला यमन पुन्हा मांडला तरी त्या रात्रीचा यमन नवाच असतो. किमान तसा तो असावा अशी रसिकाची अपेक्षा असते. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाची स्थिती निराळी आहे. तेथे रचनाकार आणि वादक यांची फारकत झालेली आहे. स्वरलेखन पूर्ण झालेले असते. शंभर वादक एका संचालकाच्या हातवाऱ्यांनुसार ते ध्वनिरूपात आणतात. अर्थनिर्णयाला तेथे वाव असतो, नवरचनेला नसतो. बीथोव्हन आणि ब्राम्स यांचे वादन कितीही उत्तम झाले तरी संग्रहात एका पानाचीही भर पडत नाही. म्हणून अशा संस्थेला निर्मितीशी नाते जोडावयाचे असेल तर तिने हयात रचनाकाराला पाचारण करणे हाच मार्ग उरतो. महोत्सवप्रसंगी नव्या रचनेची मागणी करणे ही त्यामुळे केवळ शोभेची बाब राहत नाही. आपण संग्रहालय आहोत की कार्यशाळा, या प्रश्नाचे ते संस्थेने दिलेले उत्तर असते.

संस्थेची घडण

या वाद्यवृंदाची स्थापना १८८१ मध्ये हेन्री ली हिगिन्सन या पेढीवाल्याने केली. तारुण्यात व्हिएन्ना येथे संगीताचे शिक्षण घेतलेला, त्यात आपल्याला गती नाही हे उमगून परतलेला आणि पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला हा गृहस्थ होता. स्वतःला वाजविता येत नाही तर वाजविणाऱ्यांचा कायमस्वरूपी वृंद उभा करावा, असे त्याने मनाशी ठरविले. येणारी तूट आपण स्वतः भरून काढू अशी जाहीर हमी त्याने दिली आणि जवळजवळ चार दशके ती पाळली. सामान्य माणसाला परवडतील अशी पंचवीस सेंटची तिकिटे असावीत हा त्याचा आग्रह होता. २२ ऑक्टोबर १८८१ रोजी जॉर्ज हेन्शेल यांच्या संचालनाखाली पहिली मैफल झाली. १९०० मध्ये सिंफनी हॉल ही वास्तू उभी राहिली. तिच्या ध्वनिरचनेसाठी हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांचा सल्ला घेण्यात आला होता. सभागृहाच्या रचनेत ध्वनिशास्त्राची गणिते जाणीवपूर्वक वापरल्याचे हे एक आद्य उदाहरण होय. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी संगीताच्या इतिहासात जी मोजकी कायमची कामे केली आहेत त्यांत याचा समावेश करावा लागेल.

मात्र हिगिन्सनच्या औदार्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पैसा एकाचा, तेव्हा शब्दही एकाचाच, असा तो कारभार होता. वादकांनी ठरावीक दिवशी अन्यत्र वाजवू नये अशी अट त्याने आरंभीच्या काळातच पुढे केली आणि त्यावरून वाद झाला. वादकांच्या संघटनेला या वृंदात थारा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन संचालक कार्ल मुक यांच्याविरुद्ध जनक्षोभ उसळला व १९१८ मध्ये त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक करून स्थानबद्ध करण्यात आले. १९१९ मध्ये हिगिन्सन निवर्तला. १९२० मध्ये वेतन आणि संघटनेचा हक्क यांवरून संप झाला आणि सुमारे तीस वादक बाहेर पडले. प्येर माँत्यू यांनी वृंदाची पुन्हा बांधणी केली. १९२४ मध्ये कुसेवित्स्की आले तेव्हा त्यांच्या हाती आला तो हा सावरलेला परंतु संघटनेविना असलेला वृंद. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांपैकी बॉस्टननेच सर्वांत उशिरा, १९४२ मध्ये, वादकांची संघटना मान्य केली. सुवर्णमहोत्सवाचे कौतुक करताना ही पार्श्वभूमी नजरेआड होऊ नये. त्या हंगामात एकामागून एक अनोळखी व अवघड रचना ज्यांनी बसविल्या, त्यांना कामाच्या अटींबाबत सामुदायिकपणे बोलण्याची सोय नव्हती.

१९३०-३१ चा हंगाम

महोत्सवाचा आरंभ मात्र स्मरणरंजनानेच झाला. पन्नास वर्षांपूर्वी पहिली मैफल संचालित करणारे हेन्शेल त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. त्यांना पुन्हा बॉस्टनला आमंत्रित करण्यात आले आणि १८८१ च्या पहिल्या कार्यक्रमाशी जवळजवळ जुळणारा कार्यक्रम त्यांनी सादर केला. त्या मूळ कार्यक्रमाच्या अग्रभागी बीथोव्हनची ‘कॉन्सेक्रेशन ऑफ द हाउस’ ही पूर्वरंगरचना, म्हणजे ओव्हर्चर, होती. ही रचना स्वतःच प्रासंगिक आहे. १८२२ मध्ये व्हिएन्नातील एका नाट्यगृहाच्या उद्घाटनासाठी ती लिहिली गेली. त्या उद्घाटनाची आठवण आज केवळ या रचनेमुळे उरली आहे. प्रासंगिक म्हणजे अल्पायुषी हे समीकरण येथेच डळमळीत होते.

पुढील महिन्यांत नव्या रचनांची रांग लागली. २४ ऑक्टोबर १९३० रोजी आल्बेर रुसेल यांची तिसरी सिंफनी, ७ नोव्हेंबरला ओत्तोरिनो रेस्पिगी यांची ‘मेटामॉर्फोसेऑन’, १४ नोव्हेंबरला प्रोकोफिएव्ह यांची चौथी सिंफनी, २८ नोव्हेंबरला हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी, ‘रोमँटिक’ या नावाने ओळखली जाणारी सिंफनी, १९ डिसेंबरला स्त्राविन्स्की यांची ‘सिंफनी ऑफ साम्स’, १३ फेब्रुवारी १९३१ ला होनेगर यांची पहिली सिंफनी आणि ३ एप्रिलला हिंडेमिथ यांची तंतुवाद्ये व पितळी वाद्ये यांच्यासाठीची ‘कॉन्झर्टमुझीक’. शेअरबाजार कोसळून वर्ष उलटले होते, मंदी दाट होत चालली होती, अशा काळातील ही यादी आहे.

या सर्वांत स्त्राविन्स्कीची रचना केवळ गुणवत्तेनेच नव्हे, तर प्रसंगाशी असलेल्या तिच्या विलक्षण नात्यामुळे विचारात घ्यावी लागते. प्रकाशकाने काहीतरी लोकप्रिय लिहावे असे सुचविले होते, असे स्त्राविन्स्कीने पुढे सांगितले आहे. त्याने ‘लोकप्रिय’ या शब्दाचा अर्थ आपल्या परीने लावला आणि सर्वांना ठाऊक असलेले बायबलमधील एकशे पन्नासावे स्तोत्र निवडले. त्याच्या आधी लॅटिन बायबलच्या क्रमानुसार अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या स्तोत्रांतील पदे घेतली. अर्पणपत्रिकेत प्रथम स्थान ईश्वराच्या महिम्याला आणि त्यानंतर पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या बॉस्टनच्या वाद्यवृंदाला दिले आहे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. यजमानाला दुसरे आसन मिळाले आहे.

परंतु खरी गंमत वाद्ययोजनेत आहे. ज्या वाद्यवृंदाच्या गौरवार्थ ही रचना झाली, त्याच्यातील व्हायोलिन आणि व्हिओला ही वाद्ये स्त्राविन्स्कीने पूर्णतः वगळली. क्लॅरिनेटही वगळली. उरले ते चेलो आणि डबल बास, पाच बासऱ्या, ओबो व बसून यांचा भरगच्च ताफा, पितळी वाद्ये, हार्प, दोन पियानो, टिंपनी, मोठा ढोल आणि गायकवृंद. सिंफनी वाद्यवृंदाचा कणा म्हणजे व्हायोलिनचा समूह. तोच सुवर्णमहोत्सवाच्या प्रमुख रचनेत हात बांधून बसला. यजमानाच्या वाढदिवसाला यावे आणि त्याच्या घरातील सर्वांत प्रशस्त दालन बंद ठेवून पाहुण्यांना माजघरात बसवावे, असाच हा प्रकार. (डबल बास मात्र राहिले, कुसेवित्स्की स्वतः तरुणपणी डबल बासचे नामांकित एकलवादक होते. यात हेतू शोधणे योग्य होणार नाही, पण योगायोग मौजेचा खरा.)

हे केवळ विक्षिप्तपणाने केलेले नाही. व्हायोलिनच्या समूहात जो भावनेचा ओलावा असतो, कंपनयुक्त दीर्घ स्वरांनी श्रोत्याला कवेत घेण्याची जी शक्ती असते, ती स्त्राविन्स्कीला नको होती. त्याला प्रार्थना हवी होती, प्रार्थनेविषयीची हळवी भावना नको होती. पहिल्या भागाच्या प्रारंभीच ई मायनरचा एक स्वरसंघात हातोडीच्या ठोक्यासारखा येतो. संघात सर्वपरिचित, परंतु त्यातील स्वरांची मांडणी अशी की तो पूर्वी कधी ऐकलाच नव्हता असे वाटावे. मधला स्वर नेहमीपेक्षा अधिक वेळा, तर वरखालच्या टोकांना गर्दी आणि मध्यभागी पोकळी. दुसरा भाग दुहेरी फ्यूग आहे. प्रथम ओबो आणि बासऱ्या एक विषय उलगडतात, मग मानवी कंठ दुसरा विषय घेऊन येतात, आणि दोहोंची वीण अशी बसते की कोण कोणाची साथ करीत आहे हे सांगता येऊ नये. गायन मुख्य आणि वादन साथीला, ही उतरंड स्त्राविन्स्कीला मान्य नव्हती.

तिसऱ्या भागात या रचनेचे मर्म आहे. एकशे पन्नासाव्या स्तोत्रात वाद्यांची नामावळी येते. तुतारीने स्तुती करा, तंतुवाद्यांनी करा, झणत्कारणाऱ्या झांजांनी करा, असा त्याचा आशय आहे. वाद्यवृंदाच्या महोत्सवाला याहून सोयीचा मजकूर कोणता? कोणत्याही होतकरू रचनाकाराने येथे प्रत्येक वाद्याला त्याच्या नावासरशी चमकविले असते आणि टाळ्या घेतल्या असत्या. स्त्राविन्स्कीच्या वाद्यवृंदात झांज नाहीच. झांजांचा उल्लेख येतो तेव्हा संगीत उलट शांत, मंदगती होते. टिंपनी, हार्प आणि पियानो चार स्वरांची एक आवृत्ती घंटेसारखी अविरत फिरवीत राहतात. ती तीन मात्रांच्या ताणात चार पायऱ्यांनी चालते, त्यामुळे दर फेरीला तिचा आघात निराळ्या ठिकाणी पडतो. कालाचे भान सुटत जाते. आपल्याकडील श्रोत्याला येथे आवर्तन आणि सम यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु साम्य वरवरचे आहे. आपल्या तालात समेवर भेट होते, तो आनंद असतो. येथे भेट लांबणीवर पडत राहण्यात शांती आहे.

हिंडेमिथची रचनाही अशाच वर्जनावर उभी आहे, फक्त वर्ज्य वाद्ये निराळी. त्याने लाकडी सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये बाजूला ठेवली. एकीकडे तंतुवाद्ये, दुसरीकडे चार हॉर्न, चार ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा, अशी दोन दळे समोरासमोर उभी केली. स्त्राविन्स्कीने ज्यांना घरी बसविले, ते व्हायोलिनवादक येथे धावपळीच्या फ्यूगमध्ये घामाघूम होतात. महोत्सवाच्या दोन सर्वोत्तम रचनांनी वृंद अखंड वापरला नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला अर्थपूर्ण वाटते. एकोणिसाव्या शतकाने घडविलेले ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा’ नावाचे यंत्र जसेच्या तसे पुढे चालवावयाचे की नाही, हाच प्रश्न १९२० नंतरच्या युरोपीय संगीताला पडलेला होता. तो प्रश्न रचनाकारांनी यजमानाच्या घरात येऊन, यजमानाच्या खर्चाने विचारला. आणि यजमानाने तो विचारू दिला. कुसेवित्स्कीचे श्रेय येथे आहे.

रुसेलच्या सिंफनीने मात्र यंत्र मोडले नाही. तिने ते झपाट्याने चालवून दाखविले. पाच स्वरांचे एक बीजसूत्र चारही भागांतून डोकावते. वेग, जोम आणि कोरडा विनोद यांत ती आजही ताजी आहे. रुसेलचा येथे आणखी एका कारणाने उल्लेख आवश्यक आहे. तारुण्यात नौदलात अधिकारी असलेला हा संगीतकार १९०९ मध्ये पत्नीसह भारतात आला होता. त्या प्रवासातून ‘एव्होकासियाँ’ ही त्रिखंडी रचना झाली. तिचा पहिला भाग वेरूळच्या लेण्यांतील अंधारात उभ्या असलेल्या देवतांवर आहे. पुढे चितोडच्या कथेवर त्याने ‘पद्मावती’ हे नृत्यनाट्यात्मक ऑपेरा लिहिले, ते १९२३ मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आले. यावरून तिसऱ्या सिंफनीत वेरूळ शोधण्याचा मोह आपल्या अभ्यासकांना होऊ शकतो. तो आवरावा. १९३० चा रुसेल त्या स्वप्नमय धूसरतेतून बाहेर पडला होता. तिसरी सिंफनी रेखीव आहे, उजेडातली आहे.

आपल्या प्रदेशाशी बॉस्टनचा अधिक खोल धागा जुळतो तो अन्यत्र. पत्नी नताली यांच्या स्मरणार्थ कुसेवित्स्की यांनी १९४२ मध्ये जे प्रतिष्ठान स्थापन केले, त्याच्या निमंत्रणावरून ऑलिव्हिए मेसियाँ यांनी ‘तुरंगलीला’ सिंफनी लिहिली. २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनच्याच वाद्यवृंदाने लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर केली. मेसियाँच्या लयविचारामागे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात दिलेली एकशे वीस देशी तालांची यादी आहे, ती त्याला एका फ्रेंच संगीतकोशात आढळली होती. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला होता. वेरूळ आणि देवगिरी ही दोन्ही स्थळे पर्यटक एका दिवसात पाहून येतो. बॉस्टनच्या एकाच संचालकाच्या निमंत्रणांतून या दोन स्थळांशी नाते असलेले दोन फ्रेंच रचनाकार त्या सभागृहात पोहोचले, याची दखल आपल्याकडील संगीताभ्यासाने घ्यावयास हवी.

उणिवांचा विचार

येथवर जे लिहिले त्यावरून हा हंगाम निर्दोष होता असा ग्रह होऊ नये. पहिला आक्षेप निवडीच्या पद्धतीविषयी आहे. कुसेवित्स्की हे केवळ संचालक नव्हते, प्रकाशकही होते. १९०९ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या प्रकाशनसंस्थेकडून स्त्राविन्स्की आणि प्रोकोफिएव्ह यांच्या रचना प्रसिद्ध होत. ज्या संस्थेचा सार्वजनिक निधी खर्चावयाचा आणि ज्या पेढीला त्या रचनांपासून लाभ व्हावयाचा, त्या दोहोंच्या शिरोभागी एकच व्यक्ती. आजच्या परिभाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. ‘सिंफनी ऑफ साम्स’ निर्माण झाली म्हणून पद्धत योग्य ठरत नाही. त्याच पद्धतीने प्रोकोफिएव्हची चौथी सिंफनीही आली. ती १९२९ च्या ‘प्रॉडिगल सन’ या बॅलेतील सामग्रीवर बेतलेली होती. ही सामग्री सुंदर आहे, पण तिला सिंफनीचा बांधा लाभला नाही. श्रोत्यांनी तिचे थंडे स्वागत केले. स्वतः प्रोकोफिएव्हने १९४७ मध्ये तिची इतकी पुनर्रचना केली, लांबीही इतकी वाढविली, की तिला स्वतंत्र कृतिक्रमांक द्यावा लागला. महोत्सवाची तारीख नसती तर ही रचना कदाचित आणखी काही काळ मेजावर राहिली असती आणि ते तिच्या हिताचे ठरले असते.

दुसरा आक्षेप कोणाला बोलाविले नाही याविषयी आहे. एमी बीच या बॉस्टनशी निगडित संगीतकार स्त्रीची ‘गेलिक’ सिंफनी याच वाद्यवृंदाने १८९६ मध्ये प्रथम वाजविली होती. १९३० मध्ये त्या हयात होत्या. महोत्सवी रचनाकारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यांची शैली तोवर जुनी वाटू लागली होती, असे समर्थन करता येईल. परंतु हॅन्सनची सिंफनी तर रोमँटिक परंपरेचा जाहीर पुरस्कार करीत आली होती आणि तिचे स्वागत झाले. तिचा काही भाग १९७९ मधील ‘एलियन’ या चित्रपटाच्या शेवटी जगभर ऐकला गेला. तेव्हा अडचण शैलीची नव्हती. १९४३ मध्ये फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय रचनाकर्तीने कुसेवित्स्कींना पत्र लिहून, आपले स्त्री असणे आणि आपला वर्ण ही दोन ओझी बाजूला ठेवून संगीत तपासावे अशी विनंती केली होती. त्यांनी तिची एकही रचना सादर केली नाही. वृंदातील एखाद्या प्रमुख वादकाच्या स्थानी स्त्री येण्यास १९५२ साल उजाडावे लागले, तेव्हा डोरिओट अँथनी ड्वायर या प्रमुख बासरीवादक झाल्या. नवतेविषयी इतका उत्सुक असलेला संचालक नवतेच्या धारकांविषयी मात्र रूढ चौकटीतच राहिला. नवनिर्मितीच्या पुरस्काराला समावेशकतेचा समानार्थी मानण्याची चूक आपण करू नये.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणण्यापेक्षा अडचण म्हणावी अशी आहे. संस्थेचे पंचांग आणि सर्जनाचे पंचांग जुळत नाही. ‘सिंफनी ऑफ साम्स’ बॉस्टनसाठी लिहिली खरी, पण कुसेवित्स्की आजारी पडल्याने तेथील मैफल पुढे गेली आणि १३ डिसेंबर १९३० रोजी एर्नेस्ट आन्सर्मे यांनी ब्रुसेल्सला ती आधीच सादर केली. पहिलेपणाचा मान यजमानाकडून सहा दिवसांनी हुकला. मोरिस रॅव्हेल यांचे पियानो कॉन्चेर्टो महोत्सवासाठी योजिले होते, ते वेळेत पूर्ण झाले नाही. १९३२ मध्ये ते पॅरिसला प्रथम वाजले. सर्वांत उद्बोधक प्रकरण एरन कोपलंड यांच्या ‘सिंफनिक ओड’चे आहे. १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या या रचनेतील लय इतकी वारंवार बदलत होती की त्या काळच्या सर्वोत्तम वृंदांपैकी एकालाही ती वाजविता येईना. तालमीत ऐकल्यावर कोपलंड यांना मान्य करावे लागले की लय कागदावर उतरविण्याची रीतच बदलली पाहिजे. तसे करून रचना १९ फेब्रुवारी १९३२ रोजी, म्हणजे महोत्सव संपून वर्ष होत आले असता, सादर झाली.

या विलंबाकडे अपयश म्हणून पाहणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते महोत्सवाने केलेले सर्वांत मोलाचे काम येथेच दिसते. कोपलंड हे तेव्हा तिशीतले होते. त्यांची अवघड रचना परत न पाठविता वृंदाने ती पुन्हा हाती घेतली. पहिल्या सादरीकरणाची हौस अनेक संस्थांना असते. फलकावर ‘प्रथमच’ असे छापता येते, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. दुसऱ्या सादरीकरणाला वाली नसतो. बॉस्टनने मात्र कोपलंड यांच्याशी नाते टिकविले. १९५५ मध्ये, संस्थेच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, कोपलंड यांनी हीच ‘ओड’ पुन्हा तपासून सुधारली आणि ती सर्गेई व नताली कुसेवित्स्की यांच्या स्मृतीला अर्पण केली. पहिल्या महोत्सवाची अपुरी राहिलेली रचना दुसऱ्या महोत्सवात पूर्णत्वाला गेली.

पंचाहत्तरीच्या वेळी परंपरा चालू राहिली, तसा विलंबही. वॉल्टर पिस्टन यांची सहावी सिंफनी नोव्हेंबर १९५५ मध्ये वेळेवर आली. बर्नस्टाइन यांची ‘कद्दिश’ मात्र १९६३ मध्ये पूर्ण झाली आणि बॉस्टनऐवजी तेल अवीव येथे प्रथम सादर झाली. शताब्दीच्या वेळी, २५ सप्टेंबर १९८० रोजी, याच बर्नस्टाइन यांचे ‘डिव्हर्टिमेंटो’ सेइजी ओझावा यांनी वाजविले. ‘बॉस्टन’ आणि ‘सेंटेनरी’ या शब्दांची आद्याक्षरे जे दोन स्वर दर्शवितात त्यांच्यावर ती छोटी रचना उभी आहे. तिच्यात बालपणीच्या आठवणी आहेत, वॉल्ट्झ आहे, ब्लूज आहे, शेवटी मिरवणुकीचे संगीत आहे. ऐकताना मन प्रसन्न होते. परंतु ‘सिंफनी ऑफ साम्स’शेजारी ठेवली की फरक तत्काळ कळतो. बर्नस्टाइनने संस्थेच्या नावाचे स्वर केले. स्त्राविन्स्कीने संस्थेच्या वाद्यांतील निम्मी कमी केली. पहिली रचना यजमानाला हसविते, दुसरीने त्याला काही काळ अनोळखी केले. प्रासंगिकतेचा दोष मानावयाचा तर तो पहिल्या प्रकारात मानावा, आणि तोही सौम्यपणे. मेजवानीत विनोदालाही स्थान असतेच.

मुंबईत १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता, आणि त्यांचे पुत्र झुबीन १९५८ मध्ये कुसेवित्स्की यांनीच घडविलेल्या टँगलवूड येथील शिक्षणवर्गात विद्यार्थी होते. २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या आश्रयाने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. या वृंदांचा विचार करताना आपल्याकडे चर्चा बहुधा वादक भारतीय किती आणि परदेशी किती, या मुद्द्यावर अडते. किती रचना मागविल्या गेल्या, कोणाकडून, आणि त्यांतील किती दुसऱ्यांदा वाजल्या, ही मोजणी अधिक उपयुक्त ठरेल.

पंचाहत्तरीसाठी मागविलेल्या रचनांपैकी आंरी द्युतिये यांची दुसरी सिंफनी ‘ल दूब्ल’ ११ डिसेंबर १९५९ रोजी शार्ल म्युन्श यांनी सादर केली, महोत्सव उलटून तीन वर्षे झाल्यावर. तिच्यात मुख्य वृंदातूनच बारा वादक वेगळे काढून संचालकाभोवती अर्धवर्तुळात बसविले आहेत. मोठा वृंद आणि त्याचीच ही लहान प्रतिमा एकमेकांशी बोलतात, कधी एकमेकांना खोडतात. येथे स्त्राविन्स्कीसारखे वर्जन नाही आणि हिंडेमिथसारखी दोन दळेही नाहीत; संपूर्ण वृंद उपस्थित आहे, फक्त तो स्वतःसमोर उभा केलेला आहे.